भूमीखालचे धन कोणाचे? : सस्कॅचेवानच्या पोटॅश महामंडळाची कहाणी



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी वाचायला आणि विचार करायला शिकलो, त्याच शाळेने आज मला या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी आम्हांला इतिहास शिकवीत. सनावळ्या पाठ करून घेण्याचा त्यांना कंटाळा होता. लढाई असो, तह असो वा दुष्काळ असो, धडा संपला की फळ्याकडे पाठ करून ते दोनच प्रश्न विचारीत : निर्णय कोणी घेतला? आणि किंमत कोणी मोजली? पुढे पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवली, पण या दोन प्रश्नांची सवय काही सुटली नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नांचेच एक लांबलेले उत्तर आहे.

विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. मराठीच्या प्राध्यापकाने पोटॅशच्या खाणीविषयी बोलावे, आणि तेही कॅनडातल्या, हा कोणता न्याय? त्याचे उत्तर माझ्या प्रबंधात आहे. मी पीएच.डी.साठी मराठीतील शेतीविषयक शब्दसंपदेचा अभ्यास केला. गावोगावी हिंडून नांगराच्या, मोटेच्या, खळ्याच्या शब्दांची टिपणे काढताना एक शब्द माझ्या वहीत आला आणि मनात घर करून राहिला. तो शब्द म्हणजे 'पालाश'. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडी असते. त्यांतला पालाश कानाला 'पोटॅश'च्या जवळचा वाटतो आणि मनाला पळसाच्या. आयुर्वेदात पळसाच्या राखेचा क्षार आहे, जवाच्या राखेपासून केलेला जवखार आहे, आणि सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून त्यांच्या राखेपासून क्षार करण्याची सविस्तर कृती आहे. म्हणजे वस्तू आपल्या ओळखीची. परंतु पोत्यातून येणारा पालाश मात्र सर्वस्वी परका. पोटॅशची चालती खाण भारतात एकही नाही. शेतात पडणारे खनिज पोटॅश जवळजवळ सारे समुद्रापलीकडून येते.

माझे थोरले बंधू गावाकडे ऊस करीत. २०११-१२ साली त्यांनी उसाला पालाश घालणे थांबवले. सव्वादोनशे रुपयांच्या घरातले पोते दोन वर्षांत आठशेच्या पुढे गेले होते. "दुकानदार मातलाय," एवढेच त्यांचे निदान. दुकानदाराने त्यांना वरच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवले. मला ते बोट आणखी कुठे कुठे जाते हे पाहावेसे वाटले. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात कन्येकडे सस्काटून या शहरी चार महिने राहण्याचा योग आला, आणि ज्या भूमीतून ते पोते निघते ती भूमीच पाहायला मिळाली.

राखेपासून खाणीपर्यंत

'पोटॅश' हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला आहे. पॉट म्हणजे भांडे, ॲश म्हणजे राख. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, ते पाणी लोखंडी कढईत आटवायचे आणि तळाशी उरलेला खार साबण, काच व रंगकामासाठी विकायचा, हा युरोप-अमेरिकेतील जुना धंदा. १७९० साली अमेरिकेने पहिले एकस्व दिले तेही सॅम्युएल हॉपकिन्स याच्या पोटॅश करण्याच्या सुधारित पद्धतीला. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही याने या खारातून एक नवी धातू वेगळी केली. तिचे पोटॅशियम हे नाव भांड्यातल्या राखेवरून आले, आणि तिचे 'के' हे चिन्ह ज्या कॅलियम शब्दावरून आले त्याचे मूळही वनस्पतीच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. आपला 'अल्कली' त्याच घरातला.

१८४० साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रतिपादन केले की, पीक जमिनीतून जी खनिजद्रव्ये उचलते ती परत दिल्यावाचून जमिनीचा कस टिकत नाही. राखेला तेव्हापासून शेताचा रस्ता दिसला. परंतु जंगले जाळून जगाची शेती पोसता येत नाही. योगायोगाने जर्मनीतील स्टासफुर्ट येथे मिठासाठी खोदकाम करताना वरच्या थरात एक कडवट मीठ लागले. प्रारंभी ते कचरा म्हणून फेकून देत. त्यातच पोटॅश आहे हे उमगल्यावर १८६१ मध्ये ॲडॉल्फ फ्रँक याने तेथे कारखाना काढला, आणि पुढची पन्नास वर्षे जगाचा पोटॅश जर्मनीच्या मुठीत राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मनीने निर्यात बंद केली तेव्हा अमेरिकेत पोटॅशचे भाव दहापटीच्या घरात गेले. ज्याच्या हाती खाण त्याच्या हाती दुसऱ्याची शेती, हा धडा जगाला तेव्हा मिळाला. अमेरिकेने शोधाशोध करून न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाड येथे १९३१ पासून स्वतःचे उत्पादन सुरू केले.

गव्हाच्या राज्याखालचे मीठ

कॅनडाच्या मध्यभागी सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, वस्ती मात्र त्या काळी दहा लाखांच्याही आत. नजर पोहोचेल तेथवर गहू. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांवर उतरतो. १९३० च्या दशकातील अवर्षणाने आणि मंदीने हा प्रांत पार मोडून गेला होता. त्या होरपळीतूनच सहकाराची आणि सार्वजनिक मालकीची एक प्रबळ परंपरा तेथे रुजली. १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी विचारांचे सरकार याच शेतकऱ्यांनी निवडून दिले, आणि १९६२ साली सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा प्रथम येथेच आला.

१९४३ साली तेलासाठी विंधनविहीर घेत असता रॅडव्हिल या गावाजवळ तेलाऐवजी पोटॅशचा थर सापडला. सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वी येथे एक उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि मिठाचे व पोटॅशचे थर मागे सोडून गेला. रॅडव्हिलचा थर फार खोल होता. पण उत्तरेकडे, सस्काटूनच्या आसपास, तोच थर सुमारे एक किलोमीटरवर मिळतो हे पुढे दिसून आले. जगातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी हा एक.

डग्लस यांच्या सरकारच्या मनात ही संपत्ती सार्वजनिक क्षेत्रातच विकसित करावी असा विचार येऊन गेला, परंतु गरीब प्रांताजवळ भांडवल नव्हते आणि एक किलोमीटर खाली जाण्याची विद्याही नव्हती. म्हणून खासगी कंपन्यांना माफक स्वामित्वशुल्काचे दीर्घकाळ अभय देऊन बोलावण्यात आले. त्यांनाही भूमीने सुखासुखी आत घेतले नाही. वाटेत ब्लेअरमोर नावाचा पाण्याने भरलेल्या वाळूचा थर लागतो. तेथे कूपक खणू लागले की प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत घुसे. पोटॅश कंपनी ऑफ अमेरिका या कंपनीने सस्काटूनजवळ पेशन्स लेक येथे १९५८ साली उत्पादन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी पाण्यामुळे ते थांबवले. पुन्हा सुरू व्हायला १९६५ उजाडले. सरोवराचे नाव 'धीर' आहे, हे अन्वर्थकच म्हणायचे. एस्टरहेझी येथे दुसऱ्या एका कंपनीने १९५७ मध्ये काम आरंभले. पाण्याचा थर गोठवून, कूपकाला ओतीव लोखंडाच्या कड्यांचे अस्तर लावून ती १९६२ साली पोटॅशपर्यंत पोहोचली. वाट सापडली म्हणताच रीघ लागली. १९७० पर्यंत प्रांतात दहा खाणी झाल्या.

खाणीचे काम कसे चालते हे तेथील एका निवृत्त खाणकामगाराने मला समजावून दिले. माझ्या कन्येचे ते शेजारी. खाली महाकाय यंत्र भिंत कोरीत पुढे जाते, खडक पट्ट्यावरून वाहत येतो आणि पिंजऱ्यातून वर चढतो. त्यात तीन वाट्यांपैकी जेमतेम एक वाटा पोटॅश, उरलेले बहुतांशी साधे मीठ आणि थोडी माती. मग तो दळायचा, मिठाच्या संपृक्त पाण्यात घालायचा, एक द्रव्य मिसळून खालून हवा सोडायची. पोटॅशचे कण बुडबुड्यांना चिकटून वर तरंगतात, मीठ तळाशी बसते. मी त्यांना म्हटले, आमच्याकडे ताक घुसळून लोणी काढतात ते असेच. त्यांना ही उपमा फार आवडली. वर आलेला पोटॅश वाळवायचा, दाबून दाणे करायचे, आगगाडीत भरायचा. लोहाच्या अंशामुळे त्याला गुलाबी-तांबूस छटा असते. आपल्याकडे दिसणारा 'लाल पोटॅश' तो हाच. मागे उरलेल्या मिठाचे डोंगर मात्र त्या सपाट मुलखात मैलोन्‌मैल दुरून दिसतात.

महामंडळाचा जन्म

दहा खाणी आणि गिऱ्हाईक तेवढेच, म्हणून भाव कोसळले. सस्कॅचेवानच्या स्वस्त मालामुळे न्यू मेक्सिकोच्या खाणी बंद पडू लागल्या आणि अमेरिकेत ओरड झाली. तेव्हा प्रांताचे पंतप्रधान रॉस थॅचर यांनी १९६९ अखेर न्यू मेक्सिकोच्या राज्यपालांशी बोलणी करून उत्पादनावर मर्यादा आणि किमान भाव ठरवून दिला. गंमत अशी, की थॅचर हे खासगी उद्योगाचे कट्टर पुरस्कर्ते. बाजारावर पहिला लगाम त्यांनीच घातला.

१९७१ मध्ये ॲलन ब्लेकनी यांचा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष सत्तेवर आला. ब्लेकनी कायद्याचे पंडित, ऑक्सफर्डला शिकलेले, मितभाषी प्रशासक. घोषणाबाजी त्यांच्या स्वभावात नव्हती. १९७३ नंतर भाव चढू लागले, कंपन्यांना भरघोस नफा होऊ लागला. ब्लेकनींचे म्हणणे सरळ होते : हे धन प्रांतातील जनतेचे आहे, तेव्हा वाढलेल्या नफ्यात तिचा वाटा हवा. १९७४ मध्ये सरकारने साठ्यांवर नवा कर बसवला. कंपन्यांनी विस्ताराच्या योजना गुंडाळल्या, आणि १९७५ च्या जूनमध्ये त्या कराविरुद्ध न्यायालयात गेल्या. उत्पादनमर्यादेचा खटला तर आधीपासून चालूच होता आणि त्यात केंद्र सरकारही प्रांताच्या विरुद्ध उभे होते. कॅनडाच्या राज्यघटनेप्रमाणे भूगर्भातील संपत्ती प्रांताची. पण परदेशी व्यापार केंद्राचा आणि अप्रत्यक्ष कर बसवण्याचा अधिकारही प्रांताला तेव्हा नव्हता. जमिनीखाली असेपर्यंत जे आपले, ते वर आले की आपले राहत नाही, अशी ही कोंडी होती.

ब्लेकनींनी काढलेला तोडगा इतिहासात लक्षात राहिला. कर बसवता येत नसेल, नियमन करता येत नसेल, तर मालकच व्हावे! मालकाला नफा घेण्यापासून कोण अडवणार? पोटॅश कॉर्पोरेशन ऑफ सस्कॅचेवान हे सरकारी महामंडळ फेब्रुवारी १९७५ मध्येच स्थापन झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या उद्‌घाटनाच्या भाषणात घोषणा झाली की, सरकार खाणी विकत घेईल आणि कोणी विकण्यास नकार दिल्यास कायद्याने ताब्यात घेईल. अमेरिकेत संताप उसळला. जानेवारी १९७६ मध्ये कायदा संमत झाला. मात्र सक्तीची तलवार म्यानातून एकदाही काढावी लागली नाही. वाटाघाटींनी, पैसे मोजून, एकामागून एक खाणी घेतल्या गेल्या : प्रथम सस्काटूनजवळची कोरी, मग रोकनव्हिल, लॅनिगन आणि ॲलन येथील मोठा हिस्सा. दोन-अडीच वर्षांत प्रांताच्या उत्पादनक्षमतेचा सुमारे चाळीस टक्के भाग जनतेच्या मालकीचा झाला.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादनमर्यादेचा जुना नियम घटनाबाह्य ठरवला. ब्लेकनींचा तर्क त्यामुळे एका परीने खरा ठरला. पुढे १९८२ च्या घटनादुरुस्तीत प्रांतांना नैसर्गिक संपत्तीवर व्यापक अधिकार देणारे कलम आले. त्यामागे ज्या लढ्यांची पुण्याई आहे, त्यांत पोटॅशचा हा लढा प्रमुख होय.

उदय, उतार आणि विक्री

सरकारी कारभार म्हणजे बुडीत धंदा, असे भाकीत करणारे अनेक होते. पहिल्या पाच वर्षांत ते खोटे ठरले. १९८० मध्ये महामंडळाचा नफा १६ कोटी डॉलरांच्या पुढे गेला. महामंडळाने खाणी वाढवल्या, संशोधन केले, मुख्य कचेरी सस्काटूनला आणली. न्यूयॉर्क-शिकागोत होणारे निर्णय आपल्या गावात होऊ लागले, याचा लोकांना केवढा अभिमान वाटला हे माझे शेजारी सांगत होते.

पण शेतमालाचे भाव पडले की खताची मागणी पडते, हे चक्र सरकारी आणि खासगी असा भेद करीत नाही. १९८२ च्या निवडणुकीत ब्लेकनी हरले आणि ग्रँट डिव्हाइन यांचा परंपरावादी पक्ष आला. त्याच सुमारास बाजार बसला. १९८६ मध्ये महामंडळाला १० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. विस्तारासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा मानगुटीवर होता. १९८७ मध्ये चार्ल्स चाइल्डर्स यांना प्रमुख नेमले गेले. त्यांनी उत्पादन कापले, कामगार कमी केले, भाव सावरले. महामंडळ पुन्हा नफ्यात आले, आणि नफ्यात आले तेव्हाच ते विकायला काढले गेले.

१९८९ चे ते विधेयक प्रांताच्या विधानसभेत विलक्षण गाजले. विरोधकांनी १०० तासांहून अधिक काळ चर्चा लांबवली. अखेर सरकारने चर्चाबंदीचा प्रस्ताव आणला. त्या विधानसभेच्या इतिहासात हे अस्त्र तोवर कधी वापरले गेले नव्हते. त्याच वर्षी १८ डॉलरला एक याप्रमाणे भाग बाजारात आले. परकीयांच्या हाती किती भाग जावेत याला प्रारंभी मर्यादा होती. ती पुढे उठवण्यात आली. आणि उठवली तेव्हा सत्तेवर होता तो ब्लेकनींचाच पक्ष, हे येथे नमूद केले पाहिजे. १९९१ मध्ये परत आल्यावर त्या पक्षाने महामंडळ पुन्हा सरकारी करण्याचा प्रयत्नही केला नाही. इतिहासात एकाच बाजूला सगळे पुण्य आणि दुसऱ्या बाजूला सगळे पाप असे सहसा नसते.

खासगी झालेली कंपनी झपाट्याने वाढली. १९९३ मध्ये तिने पेशन्स लेकची ती पहिलीवहिली खाण चालवणारी कंपनीच विकत घेतली. १९९५ मध्ये स्फुरदाची, १९९७ मध्ये नत्राची मोठी अमेरिकन कंपनी घेतली. आपली त्रयी पुरी झाली! नावात सस्कॅचेवान कायम राहिले, पण अनेक वरिष्ठ अधिकारी बसत ते शिकागोजवळच्या कचेरीत.

'आमची' कंपनी

ऑगस्ट २०१० मध्ये बीएचपी बिलिटन या ऑस्ट्रेलियातील प्रचंड खाणकंपनीने ही कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव दिला : भागाला १३० डॉलर, एकूण सुमारे ३,८६० कोटी अमेरिकी डॉलर. १८ डॉलरच्या भागाचे मधल्या काळात विभाजनही झाले होते, हे लक्षात घेतले तर जनतेच्या हातून किती गेले याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

मग एक आश्चर्य घडले. प्रांतात सरकार उजव्या विचारांच्या पक्षाचे होते. ब्रॅड वॉल हे पंतप्रधान खुल्या बाजाराचे समर्थक. तेच या विक्रीविरुद्ध ठामपणे उभे राहिले. ही व्यूहात्मक संपत्ती आहे, ती परक्या हाती जाता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. एकवीस वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या कंपनीला लोक 'आमची' म्हणू लागले. ३ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्र सरकारने प्रस्ताव नाकारला. परकीय गुंतवणुकीला कॅनडाने असा नकार देण्याचे प्रसंग फारच विरळा.

त्या गदारोळात आणखी एक आवाज उठला, तो तेथील मूलनिवासी समाजांचा. पोटॅशचा हा सारा पट्टा १८७० च्या दशकात ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या तहांच्या मुलखात येतो. त्यांच्या वृद्धांची परंपरा अशी सांगते की, आमच्या पूर्वजांनी गोऱ्यांना भूमी वाटून दिली ती नांगराच्या फाळाइतक्या खोलीपर्यंतच. त्याखालचे आम्ही कधी दिलेच नाही. हे मी ऐकले तेव्हा गुरुजींची आठवण झाली. कंपनी, प्रांत आणि केंद्र यांच्यातल्या भांडणात मी इतका रमलो होतो की, त्या तिघांच्याही आधी तेथे कोणी होते हे मी विचारलेच नव्हते. किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिल्या पानावर थांबू नये, हा धडा मला वयाच्या पासष्टीनंतर मिळाला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. जुलै २०१३ मध्ये रशिया आणि बेलारूस यांच्या कंपन्यांची संयुक्त विक्रीव्यवस्था फुटली आणि जगभर भाव कोसळले. त्या वर्षअखेर सस्कॅचेवानच्या कंपनीने एक हजारांहून अधिक जणांना कामावरून कमी केले. माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा त्यांतला एक. १ जानेवारी २०१८ रोजी ॲग्रियम या कंपनीशी विलीनीकरण होऊन न्यूट्रिएन ही नवी कंपनी जन्मली, आणि ब्लेकनींनी दिलेले ते नाव इतिहासजमा झाले. या विलीनीकरणाला आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाचीही संमती लागली होती. जॉर्डन, इस्रायल आणि चिली येथील प्रतिस्पर्धी कंपन्यांमधील आपले हिस्से विकावेत, अशी अट भारत आणि चीन यांच्या नियामकांमुळे कंपनीला पाळावी लागली. गिऱ्हाईकालाही कधी कधी शब्द असतो, एवढे त्यावरून दिसले.

आपल्या बांधापर्यंत

आता माझ्या बंधूंच्या पोत्याकडे वळतो. सस्कॅचेवानच्या कंपन्यांनी परदेशी विक्रीसाठी कॅनपोटेक्स नावाची एक संयुक्त संस्था काढली आहे. १९७२ पासून ती काम करते. म्हणजे खाणी वेगवेगळ्या, पण परदेशातील गिऱ्हाइकापुढे दुकान एकच. २००८ मध्ये तिने भारताशी केलेल्या कराराचा भाव टनाला ६२५ डॉलर होता. आदल्या भावापेक्षा ती ३५५ डॉलरांची उडी होती. त्या वेळी आपल्या सरकारने अनुदान वाढवून शेतकऱ्याला झळ लागू दिली नाही. टनाला ४,४५५ रुपये हाच भाव राहिला. एप्रिल २०१० पासून मात्र अनुदानाची रीत बदलली. अन्नद्रव्यामागे ठरावीक रक्कम सरकार देईल, विक्रीचा भाव कंपन्यांनी ठरवावा, असे धोरण आले. त्यात रुपया घसरला, आणि २०१२ मध्ये टनाचा भाव सोळा हजारांपुढे गेला. देशातील पालाशाचा वापर दोन वर्षांत सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. युरियाचा भाव मात्र फारसा वाढला नाही. शेतकऱ्याने साहजिकच नत्र जास्त आणि पालाश कमी घातले, आणि जमिनीचा तोल ढळला. पालाशावाचून ऊस ठिसूळ होतो, लोळतो, साखरेचा उतारा घटतो. केळी-द्राक्षांची प्रत जाते. बंधूंचा ऊस त्या वर्षी वादळात आडवा झाला तो काही केवळ वाऱ्यामुळे नव्हे.

दुकानदार मातला नव्हता, हे मी सस्काटूनहून परतल्यावर त्यांना सांगितले. निर्णय घेणारे सस्काटूनला होते, शिकागोत होते, मॉस्कोत होते आणि दिल्लीतही होते. किंमत मोजणारे आपल्या बांधावर होते. बंधू थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या, तेवढं सांग." माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज बंधू हयात नाहीत. पण त्यांचा प्रश्न अडाणी नव्हता. दूरच्या सत्तेचे हेच तर लक्षण असते, की तिला शिव्या द्यायलाही पत्ता सापडत नाही. ब्लेकनींच्या महामंडळाचे सर्वांत मोठे यश मला नफ्यात दिसत नाही. काही वर्षे तरी त्या प्रांतातील माणसाला तो पत्ता ठाऊक होता, आणि दर चार-पाच वर्षांनी मतपेटीतून तेथे पत्र टाकता येत होते, यात मला ते दिसते.

२०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध आणि बेलारूसवरील निर्बंध यांमुळे पुन्हा टंचाई झाली. त्या सप्टेंबरमध्ये भारतीय कंपन्यांनी कॅनपोटेक्सशी तीन वर्षांसाठी दरसाल १५ लाख टनांपर्यंत पुरवठ्याचा समझोता केला. राजस्थानात नागौर-गंगानगरच्या पट्ट्यात पोटॅशचे थर आहेत. ते वर काढण्याच्या शक्यता तपासल्या जात आहेत. आणि एक गोष्ट आपल्या अगदी दाराशी घडते आहे. ऊस जमिनीतून जो पालाश उचलतो, तो साखरेत जात नाही; मळीत उतरतो, आणि मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरलेल्या सांडपाण्यात राहतो. ते सांडपाणी आटवून भट्टीत जाळले की मागे राख उरते, आणि त्या राखेत पालाश असतो. ऑक्टोबर २०२१ पासून सरकारने या राखेच्या खतालाही अनुदान लागू केले आहे. त्याने देशाची सारी गरज भागणार नाही, हे उघड आहे. तरी जवखाराच्या राखेपासून निघालेला हा शब्द अडतीस कोटी वर्षांच्या समुद्रतळाला जाऊन पुन्हा आपल्या कारखान्याच्या राखेपाशी आला, याचे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून समाधान वाटते. आणि या राखेचा मालक कोण, तिचा भाव कोण ठरवणार, ऊस पिकवणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हे प्रश्न विचारण्याची वेळ आत्ताच आहे. भाव चढल्यावर नव्हे.

मित्रहो, ही शाळा काही एका धनिकाने बांधलेली नाही. सीमेवरच्या या गावात आपली भाषा टिकावी म्हणून कोणी धान्य दिले, कोणी दिवसाची मजुरी दिली, कोणी भिंतीचे दगड वाहिले. म्हणून ती 'आमची' आहे. सस्कॅचेवानच्या माणसांनी आपली कंपनी विकली आणि एकवीस वर्षांनी तिला आमची म्हटले. तोवर त्या शब्दात ममत्व उरले होते, मालकी उरली नव्हती. जे सार्वजनिक आहे ते चालते आहे तोवर त्याच्या सभांना हजर राहावे, त्याचे हिशेब वाचावेत, त्याच्या चुकांवर भांडावे. गेल्यावर हळहळण्यापेक्षा ते बरे.

समोर बसलेल्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे की, बांधावर पडलेले रिकामे पोतेही उलटून पाहावे, त्यावर कुठल्या गावाचे नाव आहे ते वाचावे, आणि मग गुरुजींचे दोन प्रश्न विचारावेत. तेवढे झाले तर या व्याख्यानमालेचा हेतू सफल झाला असे मी समजेन.